प्रतिक्रियेला उत्तर : अंश सगळ्यांना दिसतो, छेदाचं काय?

विद्यापीठाचं काम कसं मोजावं या माझ्या लेखावर कऱ्हाडच्या एका वाचक सरांची प्रतिक्रिया आली आहे. मासला असा : “खुर्चीत बसून आकड्यांना नावं ठेवणं सोपं असतं. निकालाची टक्केवारी घ्या, दर प्राध्यापकामागे शोधनिबंध मोजा, विषय संपला. आणि एनआयआरएफचे निकष पाच आहेत, चार नव्हेत. आधी मोजायला शिका.” पुढे फीवाढ, सेमिस्टर पद्धत आणि माझी भाषा यांवरही बरंच काही आहे.

चूक कबूल. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी. विद्यापीठांसाठी तिचे निकष पाचच : अध्यापन व साधनं ३० टक्के, संशोधन ३०, पदवीनंतरची फलनिष्पत्ती २०, सर्वसमावेशकता १० आणि लौकिक १०. लौकिक लिहायचा राहिला होता, आता घातला आहे. पण एवढंच सांगायला ‘मोजायला शिका’ कशाला? आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, फायलींत माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. ‘विषय संपला’ म्हणणारी माणसं तिथे पुष्कळ भेटतात आणि डीव्हीव्हीचे, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या आकडेपडताळणीचे, प्रश्न आले की तीच रजेवर जातात.

निकालाची टक्केवारी घ्या म्हणता. कशावर काढलेली, सर? समजा, प्रथम वर्षाला १२० प्रवेश झाले. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला ९२ बसले, ८० पास झाले. बसलेल्यांवर काढलात तर निकाल ८७ टक्के, प्रवेश घेतलेल्यांवर काढलात तर ६७. नॅकच्या तक्त्यात छेद असतो अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांचा. म्हणजे मधले २८ जण, मग कोणी एटीकेटीत अडकलेला असो, कोणी एमआयडीसीत लागलेला, कोणाचं लग्न झालेलं, हिशेबात नाहीतच. मुलं जितकी गळतील तितका निकाल देखणा! एनआयआरएफ निदान विहित मुदतीत पास होणारे विचारतं. पण तिथे ८० टक्के गाठले की पूर्ण गुण, त्यापुढे सुधारणा केली काय न केली काय.

करायचं असेल तर असं करता येतं. ३० सप्टेंबरला प्रथम वर्षाची पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) यादी गोठवायची आणि तीच यादी तीन वर्षं पुढे न्यायची. दर जूनमध्ये पुढच्या वर्गात गेलेले, एटीकेटीवर असलेले, दाखला घेऊन गेलेले आणि पत्ता नसलेले असे चार आकडे लिहायचे. घोळ होतो तो कॉलेज बदलून नवा पीआरएन घेणाऱ्यांचा. एकच मुलगी एकीकडे गळती आणि दुसरीकडे नवा प्रवेश म्हणून दिसते. नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख जुळवून ती नोंद एक करावी लागते. कंटाळवाणं काम आहे, खुर्चीत बसूनच करतात.

आता ‘दर प्राध्यापकामागे शोधनिबंध’. प्राध्यापक म्हणजे कोण? विभागात १० कायम आणि १५ तासिका तत्त्वावरचे (सीएचबी) असतील, २० निबंध निघाले असतील, तर कायम माणसांवर भागून २ येतात, सगळ्यांवर ०.८. निबंध सीएचबीवाल्याने लिहिला तर अंशात घ्यायचा, माणूस मात्र छेदात नको, हा आपल्याकडचा आवडता हिशेब. एनआयआरएफच्या शिक्षक-विद्यार्थी गुणोत्तरात दोन्ही सत्रं पूर्णवेळ शिकवलेला कंत्राटी शिक्षक चालतो. तिथे १:१५ ला पूर्ण गुण आणि १:५० च्या खाली शून्य. म्हणजे ६०० विद्यार्थ्यांना ११ शिक्षक असतील तर भोपळा, बारावा आला की ३० टक्के गुण. एका नेमणूकपत्राने अध्यापन एवढं सुधारतं, असं मानायचं?

निबंधांच्या मोजणीतही तेच. तीन कॉलेजांच्या पाच जणांनी मिळून लिहिलेला एक निबंध तिन्ही कॉलेजं आपापल्या अहवालात पूर्ण एक म्हणून दाखवतात. तो पाचांत वाटून मोजा, मग कोणाचं किती ते कळेल. एनआयआरएफ स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या सूचींमधून मोजतं. मराठी विभागाची ग्रंथरूप कामं तिथे शोधून सापडणार नाहीत. रसायनशास्त्राच्या निबंधांना इतरांच्या निबंधांत मिळणारे संदर्भ आणि गणिताला मिळणारे संदर्भ एका तराजूत घालणं म्हणजे ज्वारी आणि हळद एकाच भावाने विकणं. सांगलीत तरी हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि ज्या आकड्यावर तुमचा एवढा भरवसा, त्यात कऱ्हाडचा तुमचा वर्ग कुठे आहे? शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या परीक्षा घेत आलं आहे. पण संलग्न कॉलेजातली मुलं आणि शिक्षक विद्यापीठाच्या एनआयआरएफ क्रमांकात धरले जात नाहीत. त्यामुळे तो क्रमांक वर जावो की खाली, तुमच्या वर्गातल्या शिकवण्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

फीवाढीबद्दल मी लेखात अवाक्षर काढलेलं नाही, तेव्हा त्यावर उत्तर नाही. सेमिस्टरबद्दल पुन्हा कधीतरी. भाषा जशी आहे तशी आहे.

तुमच्या विभागाची तीन वर्षांपूर्वीची प्रथम वर्षाची यादी आणि यंदाचा निकाल, दोन्ही पाठवा. नावं नकोत, संख्या पुरेत. छेदासकट छापतो.