आधी ती ‘कृपया प्रतीक्षा करा’ची खोटारडी पेटी काढा

पडद्याच्या मधोमध एक पेटी. ‘कृपया प्रतीक्षा करा.’ खाली प्रगतीची पट्टी, तीस टक्क्यांवर गारठलेली. शेजारी ‘रद्द करा’ असं बटण, जे कितीही दाबलं तरी ढिम्म. पाच सेकंद गेले की शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं, खिडकी पांढरीफटक पडते, आणि वापरणारा बिचारा टास्क मॅनेजर उघडून सगळं खलास करतो. अर्धी लिहिलेली फाइल डिस्कवर तशीच लोंबकळत राहते. बग रिपोर्टवर उत्तर काय येतं? ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ चालणारच! चाचणीच्या फाइलमध्ये दहा ओळी असतात. लोकांच्या फाइलमध्ये चाळीस हजार.

किती वर्षं तोच कोड? बटणाच्या क्लिक हँडलरमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, डायलॉग (तीच ती पेटी) दाखवायचा, त्याच्या खालच्याच ओळीत, त्याच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या त्याच धाग्यावर, फाइल वाचायला बसायचं आणि वर म्हणायचं की विंडोज हळू आहे.

अहो, खिडकी ज्या थ्रेडने बनवली, तिचे मेसेज त्याच थ्रेडच्या रांगेत येतात. माउस हलला, कळ दाबली, हा कोपरा पुन्हा रंगव, सगळं मेसेज म्हणूनच येतं. गेटमेसेज या विंडोजच्या फंक्शनने एक उचलायचा, डिस्पॅचमेसेजने पोचवायचा, मग पुढचा. तुमचा क्लिक हँडलर याच लूपच्या, म्हणजे चक्राच्या, पोटात चालतो. तो परत आला नाही तर पुढचा मेसेज उचलणार कोण? पट्टी रंगवायचा मेसेज रांगेत, ‘रद्द करा’वरचा क्लिक रांगेत, आणि खिडकीवर बसलेला एकमेव कारकून फाइल वाचतोय. विंडोज पाच सेकंद वाट बघतं आणि खऱ्या खिडकीच्या जागी तिचं भूत उभं करतं. थट्टा नाही, त्याला घोस्ट विंडोच म्हणतात, एक्सपीपासून आहे. म्हणून तर मेलेली खिडकीही ओढता येते. आणि यावर काही महाभागांचा उपाय असा, की डिसेबलप्रोसेसविंडोजघोस्टिंग हे फंक्शन एकदा कॉल करून टाकायचं. भूत दिसणं बंद, मढं जिथल्या तिथे.

मग विनफॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधली खिडक्या बनवायची लायब्ररी) कोणीतरी शहाणा डूइव्हेंट्स सुचवतो. फाइल वाचणाऱ्या लूपच्या दर फेरीला अ‍ॅप्लिकेशन डॉट डूइव्हेंट्स टाका, पट्टी हलायला लागेल. हलते ना, नक्की हलते! आगीतून फुफाट्यात. कारण ती ओळ रांगेतला रंगवण्याचा मेसेज तेवढा वेचून काढत नाही, जे असेल ते सगळं चालवते. वापरणाऱ्याने ‘आयात करा’ पुन्हा दाबलं की पहिल्या आयातीच्या स्टॅकवर (अर्धवट कामांच्या चळतीवर) दुसरी आयात सुरू. दुसरी संपल्यावर पहिली पुढे सरकते, तोवर तिची यादी कोणीतरी उलटीपालटी केलेली. मधेच खिडकी बंद केली तर हँडलर परत येतो तो डिस्पोज झालेल्या, म्हणजे मोडीत निघालेल्या, फॉर्मवर (खिडकीवर). क्यूटी या खिडक्या बनवायच्या सी++ टूलकिटमध्ये हेच प्रोसेसइव्हेंट्सने होतं. तिथे आणखी एक छुपा खड्डा आहे: मोडल केलेल्या (मिटेपर्यंत बाकीच्या खिडक्या अडवणाऱ्या) क्यूप्रोग्रेसडायलॉगवर सेटव्हॅल्यू म्हटलं की ते आतल्या आत प्रोसेसइव्हेंट्स चालवतं. एक साधा आकडा बदलायला गेलात आणि तुमचाच स्लॉट (क्यूटीतला हँडलर) तुमच्याच पोटात पुन्हा शिरला.

आता मूळ दुखणं. बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की मोडल डायलॉग म्हणजे प्रोग्रॅम थांबला. नाही थांबला! विनफॉर्म्समधला शोडायलॉग दोन गोष्टी करतो. मालक खिडकी (जिच्यावर पेटी उघडली ती) डिसेबल करतो आणि त्याच थ्रेडवर स्वतःचा दुसरा मेसेज लूप सुरू करतो. थांबते ती फक्त तुमची पुढची ओळ. टायमर चालूच, सॉकेटवरून (नेटवर्कवरून) येणारे कॉलबॅक चालूच, दुसऱ्या थ्रेडने इन्व्होकने (‘हे तुझ्या थ्रेडवर चालव’ म्हणून) टाकलेलं कामही चालूच. वापरणाऱ्याचा माउस अडवलाय, तुमचा कोड अडवलेला नाही. ‘ही नोंद हटवायची का?’ असा डायलॉग उघडा आहे, निवडलेल्या ओळीचा क्रमांक सात म्हणून व्हेरिएबलमध्ये धरलाय, आणि मागे दर तीस सेकंदांनी यादी ताजी करणारा टायमर यादी नव्याने भरून गेला. वापरणारा ‘हो’ म्हणतो. सात क्रमांकावर आता भलतीच नोंद. ती उडाली. पुन्हा घडवून दाखवा म्हटलं तर दहातून नऊ वेळा घडत नाही, म्हणून बग ‘पुनरुत्पादित होत नाही’ या शेऱ्याने बंद! क्रमांक नाही, नोंदीची ओळख धरून ठेवायची असते, आणि डायलॉग मिटल्यावर ती नोंद अजून आहे का ते पुन्हा तपासायचं असतं. यात रॉकेट सायन्स काय आहे?

क्रमाचा घोळ तर विचारूच नका. जावाच्या स्विंग टूलकिटमध्ये मोडल जेडायलॉगला सेटव्हिजिबल ट्रू म्हणायचं आणि त्याखाली वर्कर डॉट एक्झिक्यूट (मागच्या थ्रेडवर काम सुरू करणारी ओळ) लिहायचं. वापरणारा पाच मिनिटं शून्य टक्के बघत बसतो, वैतागून पेटी बंद करतो, आणि मग, पेटी मिटल्यावर, काम सुरू होतं! आधी एक्झिक्यूट, मग सेटव्हिजिबल, एवढंच करायचं होतं. स्विंगवर्करचं डन (काम संपल्यावरचा भाग) इव्हेंट थ्रेडवरच, म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या थ्रेडवरच, चालतं, त्यामुळे काम चुटकीसरशी संपलं तरी डन येतं ते डायलॉगच्या आतल्या लूपमध्ये. विनफॉर्म्समध्ये साधा थ्रेड आधी सुरू केलात आणि तो डायलॉगवर बिगिनइन्व्होक करायला गेला, तर कधीकधी खिडकीचं हँडलच (विंडोजकडची तिची ओळख) तयार नसतं आणि अपवाद (एक्सेप्शन) फेकला जातो. त्याहून वाईट म्हणजे इन्व्होकरिक्वायर्ड, ‘मी दुसऱ्या थ्रेडवर आहे का’ याचं उत्तर देणारं. हँडल नसेल तर ते खुशाल ‘फॉल्स’ सांगतं आणि तुमचा कोड चुकीच्या थ्रेडवरून कंट्रोलला हात घालतो. काम डायलॉगच्या शोन इव्हेंटमध्ये, म्हणजे पेटी दिसल्यावर, सुरू करा. तेव्हा हँडल असतंच.

चुकीच्या थ्रेडवरून आठवलं. डॉटनेट २.० ने २००५ साली डीबगरखाली (चुका शोधायच्या साधनाखाली) ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ असा अपवाद फेकायला सुरुवात केली. उपकारच केले. तर लोकांनी काय करावं? ती तपासणीच बंद: चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स फॉल्स! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. एक लक्षात ठेवा, ही तपासणी मुळात डीबगर जोडलेला असतानाच चालते. म्हणजे ग्राहकाकडे ती नव्हतीच, तुमच्याकडे तेवढी होती, आणि तीही तुम्ही मारून टाकलीत. आता यादीतल्या ओळी गायब होतील, कधी अर्धं रंगेल, कधी सगळंच गोठेल, आणि लॉगमध्ये एक अक्षर सापडणार नाही.

‘मग यूआय (खिडक्या-बटणांचं) टूलकिट मुळातच सगळ्या थ्रेडना चालणारं का बनवत नाहीत?’ बनवायचा प्रयत्न झालाय. जावाच्या एडब्ल्यूटी या जुन्या टूलकिटचा पहिला बेत तोच होता. जावा बनवणाऱ्या सन कंपनीच्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये कारण सोप्या भाषेत मांडलं होतं: इव्हेंट ऑपरेटिंग सिस्टीमकडून वर येतात, तुमचे हुकूम वरून खाली जातात, आणि दोघे तीच कुलुपं (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी) उलट्या क्रमाने घ्यायला बघतात. झालं डेडलॉक, दोघेही एकमेकांसाठी अडकलेले. हा वाद मिटलाय. एकच थ्रेड रंगवणार. पुढे चला.

डेडलॉकचा घरगुती प्रकार त्याहून सोपा. ‘रद्द करा’च्या हँडलरमध्ये झेंडा (‘थांब’ सांगणारं व्हेरिएबल) लावायचा आणि लगेच थ्रेड डॉट जॉइन, म्हणजे तो थ्रेड संपेपर्यंत थांबायचं. यूआय थ्रेड वर्करची वाट बघतोय. वर्कर शेवटची टक्केवारी दाखवायला इन्व्होक करतो, आणि इन्व्होक यूआय थ्रेडची वाट बघतं. दोघेही एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत जन्मभर उभे. विन३२ मध्ये (विंडोजच्या मूळ फंक्शनांमध्ये) वेटफॉरसिंगलऑब्जेक्ट आणि सेंडमेसेज, नावं वेगळी, कुस्ती तीच. असिंक-अवेट (थ्रेड न अडवता वाट बघायची सोय) २०१२ मध्ये सी शार्प ५ बरोबर आलं तेव्हा वाटलं सुटलो, तर लोकांनी टास्कवर डॉट रिझल्ट (अडून बसून उत्तर मागणं) लिहून तोच गळफास नव्या दोराने घेतला. अवेटच्या पुढचा भाग यूआय थ्रेडवर परत यायला रांगेत उभा असतो आणि तो थ्रेड रिझल्टवर अडकलेला असतो. यूआय थ्रेडवर वाट बघायची नाही. जॉइन नाही, रिझल्ट नाही, वेट नाही. वर्करकडून बिगिनइन्व्होक किंवा पोस्टमेसेज, जे निरोप टाकून पुढे जातात, वाट बघत नाहीत. लायब्ररीच्या कोडमध्ये कॉन्फिगरअवेट फॉल्स, म्हणजे अवेटनंतर मूळ थ्रेडवर परतायचा हट्ट नाही.

बरं, काम बॅकग्राउंडला नेलं, सगळं नीट केलं, तरी खिडकी गोठते! का? कारण चाळीस हजार ओळींसाठी चाळीस हजार वेळा प्रगती कळवली. विंडोजमध्ये पोस्ट केलेले मेसेज माउस-कीबोर्डच्या आधी उचलले जातात, आणि रंगवणं तर त्यांच्याही मागे. वर्कर मेसेजचा मारा करत राहिला की क्लिक आणि रंगकाम दोन्ही उपाशी. एका रांगेत पोस्ट केलेल्या मेसेजची मूळ मर्यादाही दहा हजार आहे. ती भरली की पोस्टमेसेज अपयशी ठरतं, आणि त्याचं उत्तर तपासणारा प्रोग्रॅमर विरळा. नेमका ‘काम संपलं’ हा मेसेज गळला की पेटी कायमची उघडी. पन्नास ते शंभर मिलिसेकंदांतून एकदा कळवा. शंभर मिलिसेकंदांच्या आतलं माणसाला तात्काळच वाटतं, चाळीस हजार पायऱ्या मोजायला पट्टीसमोर कोणी बसलेलं नसतं. स्विंगवर्करचं पब्लिश हे तुकडे एकत्र करून प्रोसेसकडे देतं, तेवढी अक्कल बाकीच्या ठिकाणी आपली आपण वापरायची.

आणि चुका गिळणं! डॉटनेटच्या बॅकग्राउंडवर्करमध्ये डूवर्कमध्ये (कामाच्या भागात) फेकलेला अपवाद रनवर्करकम्प्लीटेडच्या (काम संपल्याच्या इव्हेंटच्या) एररमध्ये येऊन बसतो. तिथे बघितलंच नाही तर डिस्क भरलेली, फाइल अर्धी, आणि पडद्यावर हिरवी खूण: ‘आयात यशस्वी’. स्विंगवर्करमध्ये डनमध्ये गेट बोलावलं नाही तर अपवाद हवेत विरतो. ग्राहकाला महिन्याने कळतं की डेटा निम्माच आहे. क्रॅश परवडला, निदान तो खोटं बोलत नाही.

रद्द करण्याचं तर पार वाटोळं केलंय. थ्रेड ठार मारायचा नसतो. जावाने थ्रेड डॉट स्टॉप १.२ मध्येच बाद ठरवलं. डॉटनेट ५ पासून अ‍ॅबॉर्ट नुसता अपवाद फेकतं. विन३२चं टर्मिनेटथ्रेड अजून चालतं खरं, पण मारलेल्या थ्रेडच्या हातातलं कुलूप तसंच लागलेलं राहतं. हीपचं (प्रोग्रॅमच्या मेमरी-साठ्याचं) कुलूप असेल तर पुढची पहिली मेमरी मागणी गोठली म्हणून समजा. कॅन्सलेशनटोकन (‘रद्द कर’ हा इशारा पोचवणारं) डॉटनेट ४ पासून, म्हणजे २०१० पासून, हातात आहे. दर तुकड्याला तपासा. लिहिणं तात्पुरत्या फाइलमध्ये करा, पूर्ण झाल्यावरच नाव बदला. ‘रद्द करा’ दाबलं की बटण डिसेबल, मजकूर ‘रद्द करत आहे’, आणि वर्कर खरोखर संपेपर्यंत पेटी बंद होऊ द्यायची नाही. कोपऱ्यातल्या फुलीचंही तेच: फॉर्मक्लोझिंगमध्ये कॅन्सल ट्रू, टोकनला इशारा, आणि कम्प्लीटेडमध्ये खरं क्लोज. हे केलं नाही तर वर्कर मेलेल्या फॉर्मवर बिगिनइन्व्होक करतो आणि ग्राहकाला अनहँडल्ड एक्सेप्शनची ती इंग्रजी भिंत दिसते. शोडायलॉगने उघडलेला फॉर्म मिटल्यावर आपोआप डिस्पोज होत नाही, हेही जाता जाता. सी शार्पच्या यूझिंगमध्ये गुंडाळा, ते डिस्पोज करतं.

मालक खिडकी द्या, हे किती वेळा सांगायचं? वर्कर थ्रेडवरून मेसेजबॉक्स दाखवला की तो दिसतो, म्हणून लोकांना वाटतं जमलं. तो दिसतो कारण तो स्वतःचा लूप त्याच थ्रेडवर चालवतो. पण मालक न दिल्यास सक्रिय खिडकी शोधली जाते ती त्याच थ्रेडपुरती, आणि वर्करची कुठली खिडकी? म्हणून मालक शून्य. मुख्य खिडकी डिसेबल होत नाही, वापरणारा तिच्यावर क्लिक करतो, पेटी मागे दडते. काम थांबलंय, कशामुळे ते कोणालाच दिसत नाही. हाताने विन३२ लिहिणाऱ्यांनी उलटं पाप केलेलं असतं: पेटी आधी नष्ट, मालक नंतर इनेबल. त्या क्षणी आपली एकही खिडकी फोकस घ्यायला मोकळी नसते, म्हणून भलतंच अ‍ॅप पुढे उडी मारतं. दोन ओळींची अदलाबदल, बस्स.

टूलकिटवाल्यांना हे उमगलंय, आपल्याला नाही. जीटीके या टूलकिटच्या ४ आवृत्तीने जीटीके डायलॉग रन (पेटी मिटेपर्यंत थांबणारं फंक्शन) काढूनच टाकलं. क्यूटी स्वतः सांगतं की अडवून धरणाऱ्या एक्झेकपेक्षा लगेच परतणारं ओपन वापरा. मॅकवर रनमोडल चालू असताना रनलूप (तिथला मेसेज लूप) वेगळ्या मोडमध्ये असतो, डीफॉल्ट मोडमधले टायमर चालतच नाहीत. कॉमन मोड्समध्ये टाकावे लागतात, किंवा सरळ शीट (खिडकीलाच चिकटलेली पेटी) वापरायची. आणि दर वेळी पेटी हवीच कशाला? ते एक बटण डिसेबल करा, पट्टी खाली स्टेटस बारमध्ये दाखवा, लोकांना बाकीचं काम करू द्या. क्यूप्रोग्रेसडायलॉगचा किमान अवधी मुळात चार सेकंद ठेवलेला आहे. काम त्याआधी उरकेल असा अंदाज असेल तर तो तोंडही दाखवत नाही. लोक तो शून्य करतात, मग अर्ध्या सेकंदाच्या कामालाही पेटी डोळ्यांपुढे चमकून जाते.

शेवटचा नमुना, सगळ्यात निर्लज्ज. दर सेकंदाला सर्व्हर तपासणारा टायमर, आणि कॅचमध्ये (अपवाद पकडणाऱ्या भागात) मेसेजबॉक्स. नेटवर्क गेलं. पहिली पेटी आली, तिचा लूप सुरू, त्या लूपमध्ये टायमर पुन्हा वाजला, दुसरी पेटी. माणूस चहा पिऊन येईपर्यंत दोनशे. लूप एकावर एक रचलेले, आतला संपल्याशिवाय बाहेरचा परत येत नाही, म्हणून दोनशे वेळा ‘ठीक आहे’. टायमर आधी थांबवा, मग पेटी दाखवा. एक ओळ आहे हो. टायमर डॉट स्टॉप.