घोडा का अडला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

माझी लेक घोडेस्वारी शिकते त्या बादल नावाच्या तट्टूबद्दल मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "फाटकापाशी तट्टू अडलं आणि तुम्ही मुलीला उतरवून घेतलंत. अडलं की काम सुटतं, हे तुम्हीच त्याला शिकवलंत. दोन चाबूक ओढले असते तर एका दिवसात सुधारलं असतं. आमच्या वडिलांचा टांगा होता, मला घोडे माहीत आहेत."

पहिलं म्हणणं पूर्ण मान्य. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी. पोटाला पाय लावला, त्यानं पाऊल उचललं की पाय लगेच सैल सोडायचा. मग त्याला कळतं, हेच हवं होतं. मी तर बादल अडलेला असताना त्याच्या पाठीवरचं अख्खं ओझंच उतरवलं. याहून मोठं बक्षीस कुठलं? ती चूक माझीच.

चाबकाचं मात्र पटत नाही. माशी बसली तरी घोड्याची कातडी नेमकी तेवढ्याच जागी थरथरते. अशा जनावराला टाच जाणवत नाही, असं होईल का? बादलवर रोज पाच-सहा नवशिकी मुलं बसतात. तो चालत असला तरी टाचा मारतच राहतात. दाब कधी सुटतच नाही, मग त्या दाबाला अर्थ उरत नाही. त्यात माझी लेक घाबरून लगाम गच्च ओढून बसली होती. लगामाची लोखंडी कडी पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर टेकते, तिथे कातडीखाली लगेच हाड. टाचा म्हणतायत चल, कडी म्हणतेय थांब. त्यात चाबूक बसला असता तर तो नेमका कशाबद्दल, हे बादलला कसं कळावं?

आणखी एक गोष्ट मी लेखात लिहायला हवी होती. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना बादल कान मागे पाडून चावायला यायचा. आम्ही ते खोडीत धरलं. पुढच्या आठवड्यात खरारा करताना खोगिराखालची जागा दाबली, तर त्यानं पाठ खाली घातली. खोगीर त्याच्या मापाचं नव्हतंच. ते बदलल्यावर चावणं थांबलं.

अडणं थांबलं नाही, हेही सांगते. फाटकापलीकडे तबेला आहे, वैरण आहे; ती सवयच होती. आपल्याकडचं जुनं कोडं आठवतंय ना? भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? न फिरवल्यामुळे. आमच्या सरांनी अक्षरशः तेच केलं. पुढे ढकलायचं नाही. वळायचं त्या बाजूचा लगाम हलकेच बाहेर घ्यायचा, त्याच बाजूचा पाय लावायचा आणि जागच्या जागी लहान गोल वळवायचं. वळताना घोड्याचे अडलेले पाय हलू लागतात, हलले की सरळ पुढे. आणि उतरायचं नेहमी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकापाशी कधीच नाही.

तीन आठवडे झाले. परवा रविवारी तो पुन्हा अडला. लेकीनं दोनदा वळवला, तिसऱ्यांदा तो आपणहून निघाला आणि तिनं लगाम सैल सोडून त्याची मान थोपटली.

टांग्याचा घोडा एकाच हाताखाली वर्षानुवर्षं चालतो, बादलच्या नशिबी ते नाही. म्हणून विचारते: तुमच्या वडिलांचा घोडा भर रस्त्यात अडला, तर ते टांग्यावरून उतरून पुढे येऊन लगाम धरायचे, की वर बसूनच त्याला चालतं करायचे? सविस्तर लिहाल का?