‘बाहेरून आलेल्यां’पैकी एकीचं उत्तर

काका,

जय ख्रिस्त. ‘वडीलकीच्या नात्याने लिहितो’ असं आपण सुरुवातीलाच म्हटलंत, म्हणून काका म्हणते आहे. माझ्या बाप्तिस्म्याच्या वाढदिवसावरच्या लेखाखाली आपण जे लिहिलंत ते ज्यांच्या नजरेतून सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाप्तिस्मा एकदाच होतो, त्याचा दरवर्षी सोहळा करायला शास्त्रात आधार नाही. केक कापून फोटो टाकले की गौरव प्रभूचा होत नाही, आपला होतो. माझ्या आईला तो दिवस कसा जात असेल याचा मी विचार केला आहे का. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘बाहेरून आलेल्यांना असा उत्साह असतोच, आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती, आम्हाला असले दिवस मोजावे लागत नाहीत.’ लेख काढून टाकावा हेही आहे.

केकचं आधी संपवते. त्यावर माझं नाव नसतं तरी चाललं असतं, मान्य. बेकरीवाल्याने विचारलं, बहिणीने सांगून टाकलं. पण त्या संध्याकाळी आधी उपकारस्तुतीची प्रार्थना झाली, पाळकसाहेबांनी वचन वाचलं, दोघांनी साक्ष दिली. त्याचे फोटो कोणी काढले नाहीत, कारण प्रार्थनेत फोटो काढायची आमच्याकडे पद्धत नाही. तुम्ही केक पाहिलात आणि संध्याकाळ ओळखलीत.

शास्त्राचा आधार म्हणाल, तर चर्चच्या इमारतीचा वर्धापनदिन कोणत्या अध्यायात आहे? आदल्या वर्षीच्या पास्खाला, म्हणजे ईस्टरला, बाप्तिस्मा झालेले लोक वर्ष भरलं की पुन्हा जमून तो दिवस पाळत, ही रोमच्या मंडळीतली फार जुनी रीत आहे. आणि पोप फ्रान्सिस लोकांना आपापल्या बाप्तिस्म्याची तारीख घरी जाऊन विचारायला सांगायचे. तुम्ही कॅथलिक नाही, मीही नाही, पण ही कल्पना मी माझ्या स्वयंपाकघरात बसून काढलेली नाही एवढंच सांगायचं आहे.

आता ते वाक्य.

‘बाहेरून आलेल्यांना.’ काका, आत कोण होतं? अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. तुमच्या चार पिढ्या मोजत मागे गेलं की तिथे कोणीतरी एकजण उभा असेल, ज्याच्या भावकीने त्याच्याशी पाणी तोडलं असेल, ज्याला विहिरीवर, लग्नकार्यात, मयताला वेगळं उभं केलं असेल. तोही बाहेरूनच आला होता. तुम्ही ज्या विश्वासात आयते जन्माला आलात तो त्याने मोल देऊन घेतलेला आहे, आणि त्याच्यासारखीच एखादी आज समोर आली की तुम्हाला तिचा उत्साह खटकतो.

रविवारी तुमच्याही मंडळीत ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडत असतीलच. त्यातली नारायण वामन टिळकांची गीतं कोणाची आहेत? १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या, तिशी ओलांडलेल्या, कीर्तन आणि अभंगात मुरलेल्या माणसाची. पिढीजात ख्रिस्ती घरात वाढून ती चाल कानावर आली असती असं मला वाटत नाही. त्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यांचे अतोनात हाल झाले, मग त्या आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. हालांचा विषय वेगळा, तो इथे काढत नाही.

‘यमुनापर्यटन’ लिहिणाऱ्या बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा, बेळगावचा. पंडिता रमाबाईंचा २९ सप्टेंबर १८८३ चा, इंग्लंडात वाँटेजला. आणि रमाबाईंचं पुढे काय झालं ते तर तुम्हाला ठाऊक असायला हवं. तिथल्या मठातल्या ज्या भगिनींनी (नन्सनी) त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच धर्मशास्त्रावरून त्यांचे खटके उडत राहिले, कारण पुढ्यात ठेवलेली प्रत्येक गोष्ट मान खाली घालून स्वीकारणं त्यांना जमेना. नव्याने आलेल्यांनी जरा गप्प बसावं, शिकावं, मागच्या बाकावर राहावं, ही अपेक्षा तेव्हापासूनची आहे. नवीन काही नाही त्यात.

माझ्याबद्दल सांगते, कारण तुम्ही ‘उत्साह’ म्हणालात. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा नोकरी करत होते, लग्न ठरलेलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते. (हा शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो विचारणारे इतके भेटलेत की उत्तर आता आपोआप येतं.) जानेवारीची सकाळ, हौदातलं पाणी बर्फासारखं, माझा भाऊ फाटकाबाहेर गाडीवर बसलेला. आत आला नाही, निघूनही गेला नाही. त्यानंतरच्या घरातल्या पहिल्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव नव्हतं. काका, तुम्हाला तुमच्या बाप्तिस्म्याची तारीख माहीत नाही, कारण तेव्हा तुम्ही पाळण्यात होतात, आणि त्यात काहीही कमी नाही, मी तसं कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. पण मला माझी तारीख विसरता येणार नाही. ती मी मोजत बसत नाही, ती माझ्या घरातले सगळेच मोजतात, वेगवेगळ्या कारणांनी.

‘असले दिवस.’ हे ‘असले’ कशासाठी? लग्नाचा वाढदिवस तुम्ही करतच असाल. तेव्हा कोणी म्हणतं का, की लग्न एकदाच होतं, दरवर्षी काय?

आईबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला उत्तर देणार नाही. तुम्ही तिला ओळखत नाही. तो प्रश्न विचारायचा अधिकार वडीलकीच्या नात्यानेही मिळत नाही, आणि अनोळखी बाईला तिच्या आईवरून टोचण्याला आमच्याकडे वडीलकी म्हणतही नाहीत.

गौरव कोणाचा, हा तुमचा मुद्दा प्रत्येक साक्षीला लावता येतो. पौल दमिष्काच्या वाटेवर प्रभू भेटल्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, त्यालाही मग थोडं आवरायला सांगावं लागेल. यावर अधिक लिहीत नाही.

लेख काढणार नाही. पुढच्या जानेवारीतही प्रार्थना आहे, आणि जेवणही आहे. तुमची प्रतिक्रिया मी ठेवली आहे, तिच्याखाली तुम्हाला उद्देशून एका वाचकाने जे अपशब्द लिहिले होते ते मात्र काल रात्री उडवले. पुढचं काही लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त मला ‘पोरी’ म्हणू नका.