खेळणं म्हणे!

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, हे लहान मुलांचं खेळणं, कंपन्या ते मुलांसाठीच काढतात, आणि तिशी-चाळिशीतली माणसं ते घेतात कारण त्यांना मोठं व्हायचंच नसतं. वर दात काढणारा इमोजी.

आधी 'खेळणं'. हा शिक्का अमेरिकेत कंपनीनेच आपल्यावर मारून घेतला. १९८३ मध्ये तिथला व्हिडिओ गेमचा बाजार असा बसला की दुकानदार तसलं काही दारात उभं करेनात. मग १९८५ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीने आपल्या यंत्रासोबत रॉब नावाचा छोटा रोबो दिला, 'व्हिडिओ गेम'ऐवजी 'एंटरटेनमेंट सिस्टिम' असं नाव लावलं आणि खेळण्यांच्या फळीवर जागा मिळवली. रोबो चालायचा जेमतेम दोन गेममध्ये! तेच यंत्र जपानमध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' म्हणून विकलं जात होतं. दुकानदारांसाठी घेतलेलं सोंग आपण अजून खरं धरून बसलोय.

'मुलांसाठीच काढतात'? सोनीने ब्रिटनमध्ये आपला कन्सोल प्लेस्टेशन नाइटक्लबांत नेऊन मांडलं. २००० मध्ये पीएस २ ची (दुसऱ्या प्लेस्टेशनची) जाहिरात सिनेदिग्दर्शक डेव्हिड लिंचकडून करून घेतली: कृष्णधवल, आणि त्यात बदकाच्या डोक्याचा माणूस. कुठल्या पोराने त्यासाठी हट्ट धरला असेल? निन्टेंडोने २००७ मध्ये युरोपात ब्रेन ट्रेनिंग या गेमच्या जाहिरातीसाठी अभिनेत्री निकोल किडमनला घेतलं. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस ५ आला तो ४९,९९० रुपयांना. खाऊचे पैसे साठवून तो येत नाही.

राहिलं 'मोठं व्हायचं नसतं'. यात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. २०१६ मध्ये निन्टेंडोने तीस जुने गेम भरून आपलंच यंत्र छोट्या रूपात पुन्हा विकलं, ते आमच्यासारख्यांसाठीच. लहानपणी '९९९९९९ इन १' लिहिलेली गेमची कॅसेट फुंकून बसवायची, कंट्रोलरला 'रिमोट' म्हणायचं, आणि सहाव्या गेमनंतर तेच गेम पुन्हा सुरू. ते सगळं हात विसरत नाहीत.

पण मी निन्टेंडोचा स्विच हा कन्सोल घेतला तो आठवणींपायी नाही. दिवसभर लॅपटॉपसमोर बसल्यावर रात्री पुन्हा लॅपटॉप उघडवत नाही. साडेदहाला ओटा आवरून झाला की पाऊण तास मिळतो. मध्येच कोणी हाक मारली तर एक बटण दाबायचं, गेम आहे तिथे थांबतो. सिनेमा एवढ्या वेळात संपत नाही, आणि मित्रांना जमवायचं तर आठवडाभर आधी विचारावं लागतं.

आमच्या आठ वर्षांच्या मुलीला त्यात काडीचा रस नाही. तिला पत्त्यांचा पाच-तीन-दोन खेळायला तिसरा भिडू हवा असतो.