कटप्पाच्या तलवारीवर परशुरामाचे ठसे

रविवारी दुपारी जेवणं उरकून, पंखा पाचावर करून ‘बाहुबली’ लावलेल्या घरात एक माणूस हटकून असा असतो, जो सिनेमा बघत नाही, सिनेमाचे वाडवडील बघतो. रथ आला की हा कुरुक्षेत्रावर, बाळ दिसलं की गोकुळात, आग लागली की थेट लंकेत. बाकीचे त्याला सहन करतात, कारण रिमोट बहुधा त्याच्याच हातात असतो. मी त्याच जमातीतला. ही खोड जात नाही. तेव्हा ती निदान रीतसर करावी, एवढंच माझं म्हणणं.

भांडण पहिल्याच प्रसंगाला सुरू होतं. पाठीत बाण घुसलेली राजमाता शिवगामी नदीत उतरते, स्वतः बुडते, पण तान्हं मूल धरलेला हात पाण्याच्या वर तसाच. खोलीतले तीन जण एकदम ओरडतात, “वसुदेव!” जरा थांबा. वसुदेवाला यमुनेनं वाट दिली, इथे नदी बाईला गिळते. टोपली नाही, शेषाची फणा नाही. दुसरा म्हणतो, कर्ण. कर्णाला पेटीत घालून सोडून दिलं होतं, इथे तर सोडायचं नाही म्हणून बाई मेली. तिसरा मोझेसपर्यंत जातो आणि चौथा जास्त शिकलेला असला तर अक्कडच्या सार्गोनपर्यंत. नदी आणि तान्हं मूल ही जोडी जगात इतक्या ठिकाणी आहे की तिच्यावरून कोणाचंही गोत्र ठरत नाही. एका खुणेवर नाव घ्यायचं नाही, हा पहिला नियम. तीन-चार खुणा जुळल्या आणि त्याही मूळ कथेतल्याच क्रमानं आल्या, तर तोंड उघडायचं.

गंमत म्हणजे या नियमानं वसुदेव हरतो, पण कृष्ण जिंकतो. पुढचा क्रम बघा. मूल नदीपार जातं, राजवाड्याबाहेर साध्या माणसांत वाढतं, वाढवणारी आई वेगळी, जन्मदात्री आई राजाच्या कैदेत, आणि राजा नात्यातलाच. मोठा झालेला मुलगा परत येतो, आईला सोडवतो, राजाला मारतो. वाढवणारी ‘सांगा’ नावाची बाई ही यशोदा, जन्मदात्री देवसेना ही देवकी आणि भल्लालदेव हा कंस. चार-पाच कड्या ओळीनं जुळल्या की तो योगायोग राहत नाही. फरक एवढाच की कंस मामा होता आणि भल्लालदेव चुलता आहे. मराठी माणसाला इथे ‘काका, मला वाचवा’ आणि १७७३ सालचा शनिवारवाडा आठवतो. तो आठवावा, पण प्रभाव म्हणून नोंदवू नये. राघोबादादा आपल्या डोक्यात आहेत, पटकथेत नाहीत.

हा सगळ्यात मोठा धोका. बघणारा आपलंच गाठोडं सिनेमात सोडतो आणि मग तिथे सापडलं म्हणून आनंदतो. याला आपल्याकडे बादरायण संबंध म्हणतात. बादरायण म्हणजे व्यास असं परंपरा मानते, त्यामुळे महाभारताच्या बाबतीत हा आरोप फारसा लागू पडत नाही, पण ते असो.

महाभारताची वंशावळ इथे उघडच आहे. थोरला भाऊ अधू म्हणून गादी धाकट्याला, धाकटा मरतो, थोरल्याच्या पोटात मळमळ, दोघांची मुलं एकाच वाड्यात वाढतात. धृतराष्ट्राच्या डोळ्यांऐवजी भल्लालदेवाच्या बापाचा, बिज्जलदेवाचा, हात अधू केला आहे. भल्लालदेवाच्या बाबतीत पटकथाकार विजयेंद्र प्रसाद यांनी जास्त धूर्तपणा केला: जागा दुर्योधनाची, पण अंगकाठी आणि हातातली गदा भीमाची. कटप्पा भीष्म. माणूस कोण बसलाय हे न बघता सिंहासनाला बांधलेला. मात्र भीष्माची प्रतिज्ञा स्वतःची होती, कटप्पाला ती वाडवडिलांकडून गुलामीबरोबर मिळाली. म्हणूनच भीष्मावर आपण वाद घालतो आणि कटप्पाची कीव करतो.

द्रौपदीचं काय केलंय ते बघण्यासारखं आहे. दुसऱ्या भागात देवसेना बेड्या घालून भर दरबारात उभी. अंगाला हात लावणाऱ्या सेनापतीची बोटं तिनं आधीच छाटलेली. तिचा नवरा, थोरला बाहुबली, येतो, ऐकून घेतो आणि तिथल्या तिथे सेनापतीचं मुंडकं उडवतो. भीमानं दुःशासनाचा हिशोब तेरा वर्षं उधारीवर ठेवला होता. दिग्दर्शक राजामौलींनी रोखीचा व्यवहार केला. थेटरात सगळ्यात जास्त शिट्ट्या इथे पडल्या याचं मला नवल वाटत नाही. व्यासांच्या काळापासून तुंबलेल्या होत्या त्या.

मूळ कथा उलटी फिरवणं ही सरळ नकलेपेक्षा भरवशाची खूण, कारण उलटी करायला आधी ती नीट माहीत असावी लागते. पण यात सोय अशी की सरळ असलं तरी प्रभाव आणि उलट असलं तरी प्रभाव, म्हणजे काहीही सिद्ध करता येतं. म्हणून इथे एक अट घालावी: वस्तू किंवा जागा तीच हवी. दरबार तोच आहे, म्हणून द्रौपदी चालेल. नदीपार वाढलेला मुलगा, शिवा, शिवलिंग उपटून खांद्यावर घेतो आणि धबधब्याखाली नेऊन ठेवतो. गोकर्णाला रावणाला हेच लिंग काही केल्या उपटता आलं नव्हतं. वस्तू तीच, निकाल उलटा, म्हणून हेही चालेल.

माझ्या मते सगळ्यात सुंदर चोरी, म्हणजे चांगल्या अर्थानं चोरी, कुंतलच्या राज्यात आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही, कारण तोवर सगळे चहा टाकायला उठलेले असतात. बाहुबली ओळख लपवून भोळसट नोकर म्हणून राहतो. हा अज्ञातवास. तिथला कुमार वर्मा बढाईखोर, प्रत्यक्ष हल्ला झाला की हातपाय गाळणारा. हा विराटपर्वातला उत्तर. उत्तरही कौरवांची सेना बघून रथातून उडी टाकून पळाला होता आणि बृहन्नडेनं त्याला धरून आणलं होतं. सिनेमातही वेष पालटलेला वीर भित्र्याच्या हातून पराक्रम करवून घेतो. विराटाच्या घरी कौरव आले होते ते गुरं पळवायला, आणि कुंतलच्या लढाईतही गुरं आहेतच, शिंगं पेटवलेली. (कुंतल म्हणजे साधारण दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाचा जुना प्रदेश. देवसेना आपल्या कोल्हापूरकडची निघाली तर तिचा स्वभाव समजायला मदत होते.)

पेटलेली शिंगं दिसली की मराठी घरात एकच आरोळी उठते: “कात्रजचा घाट!” शाएस्ताखानावर १६६३ साली छापा घातल्यावर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलतीकडे पळवलं, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ. हॅनिबलनं इसवी सनापूर्वी २१७ मध्ये दोन हजार बैलांच्या शिंगांना जळण बांधून रोमनांना असंच चकवलं होतं. आता आग कुठे लावली याआधी आग काय काम करते ते बघा. कात्रजला आणि हॅनिबलकडे बैल हे आमिष आहेत: शत्रू दिव्यांमागे जातो, आपण दुसरीकडून निसटतो. कुंतलमध्ये पेटलेली जनावरं थेट शत्रूच्या अंगावर धावतात, म्हणजे ते हत्यार झालं. तसं काम चीनमध्ये तियान दाननं इसवी सनापूर्वी २७९ मध्ये केलं होतं, शिंगांना पाती आणि शेपटांना आग लावून. तेव्हा कामाच्या हिशोबानं बाहुबलीचे बैल चिनी ठरतात. हे वाक्य घरात मोठ्यानं म्हणू नये. शिवाय हे सगळं ज्यांच्यावर सोडलं ते पेंढारी! ज्यांचा बंदोबस्त इंग्रजांनी १८१७-१८ मध्ये केला, ते या पुराणकाळात कुठून उगवले हे पेंढाऱ्यांनाच ठाऊक.

सिनेमांचे प्रभाव शोधताना मात्र पद्धत बदलायची. तिथे गोष्ट बघायची नाही, ती कशी दाखवली ते बघायचं. पहिल्या भागात कालकेयांच्या लढाईत सैनिक पळू लागतात आणि बाहुबली त्यांना मृत्यू म्हणजे काय ते सांगतो. विषय गीतेचा आहे. पण कृष्णानं गीता एकट्या अर्जुनाला सांगितली, रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा करून. आपल्या फौजेपुढे उभं राहून हजारोंना ऐकू जाईल असं ओरडून सांगणं ही पाश्चात्त्य युद्धपटांची रीत, आणि तिचा ठळक नमुना म्हणजे १९९५ चा ‘ब्रेव्हहार्ट’. आवडत्या दिग्दर्शकांत राजामौली मेल गिब्सनचं नाव घेतात, अमर चित्रकथांवर वाढल्याचंही सांगतात, त्यामुळे दोन्ही धागे त्यांच्या घरातच आहेत. मजकूर गीतेचा, मांडणी ‘ब्रेव्हहार्ट’ची, असं वेगवेगळं लिहावं. एकाच रकान्यात दोन्ही कोंबलं की घोटाळा होतो.

भल्लालदेवाच्या रथापुढची फिरती पाती बघून लोक ‘बेन-हर’ म्हणतात. १९५९ च्या त्या सिनेमात पाती चाकाच्या तुंब्याला होती, बाजूच्या रथाचे आरे कापायला. इथली पाती पुढे आहेत, माणसं कापायला. त्याहून जवळचा पूर्वज जैन ग्रंथांत आहे: अजातशत्रूचा रथमुसल, जो सैन्यात घुसून चिरडत जायचा. नायकाचं नावही जैन परंपरेतलंच, भरत आणि बाहुबली या राज्यासाठी लढलेल्या भावांचं. श्रवणबेळगोळच्या ५७ फुटी मूर्तीच्या पायाशी ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ ही मराठी अक्षरं आहेत, त्यामुळे या नावावर आपलाही थोडा हक्क पोचतो. आणि प्रभासच्या बाप-लेक दुहेरी भूमिकेबद्दल कोणी डोळे विस्फारले तर त्याला अण्णा साळुंके सांगावेत. फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम तेच आणि सीताही तेच.

राहता राहिला कटप्पा. १० जुलै २०१५ ते २८ एप्रिल २०१७ सगळा देश ‘कटप्पानं बाहुबलीला का मारलं’ विचारत होता, आणि उत्तर इतकं साधं निघालं: आज्ञा झाली. आता माहिष्मती हे नर्मदेकाठचं खरंखुरं प्राचीन नगर. ते म्हणजे अहिल्याबाईंचं महेश्वर की ओंकारेश्वरचं मांधाता, यावर वाद आहे. तिथला राजा सहस्रार्जुन, म्हणजे बाहूंच्या बाबतीत कोणाला न ऐकणारा. त्याचे हजार हात छाटणारा परशुराम. आणि परशुरामानं आज्ञेवरून, मनात नसताना, कोणाला मारलं? आई रेणुकेला. मारल्यावर वर मागून तिला जिवंतही करून घेतलं. कटप्पाही आज्ञेवरून मारतो, आणि पंचवीस वर्षांनी तोच चेहरा समोर उभा राहिल्यावर गुडघ्यांवर घसरत येऊन त्याचा पाय डोक्यावर घेतो.

किती बेमालूम जुळलं! म्हणूनच मला त्याचा भरवसा नाही. वस्तू एकही सारखी नाही. तिथे परशू आहे, इथे तलवार. आज्ञा बापाची नाही, राजमातेची. वर कोणीच मागितला नाही. नगराचं नाव पटकथाकारानं केवळ भारदस्त वाटलं म्हणूनही घेतलं असेल. माझ्याच नियमांनी हा पुरावा फेटाळावा लागतो. तो मी फेटाळतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा मांडतो.

शेवटच्या लढाईत सैनिक ताडाची झाडं वाकवून, त्यांना लटकून, सुटतात आणि हवेत ढालींचं कवच करून तटापलीकडे पडतात. इथे माझी पोथी संपते. हनुमान स्वतःच्या बळावर उडाला होता, ट्रॉयमध्ये ग्रीक घोड्याच्या पोटात बसून गेले, कोंडाण्याला घोरपड म्हणाल तर ती वर चढते, उडत नाही. मी गप्प बसतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अहो, ही तर गोफण!”

आता गोफण गरगर फिरवून सोडतात आणि ताड नुसता वाकवून सोडलाय, त्यामुळे फार तर सशाच्या फाशाशी नातं लागेल, हे समजावून सांगेपर्यंत भल्लालदेव चितेवर जळालेला असतो.