बालवाडी बघायला जायचं तर सकाळी अकराला जा

सांगलीत विश्रामबागेतून मिरजेच्या रस्त्याला लागलं की सध्या दर दोन खांबांमागे एक फलक दिसतोय. ‘प्रवेश सुरू’, मध्ये हसणारं बाळ, खाली एसी वर्ग, सीसीटीव्ही आणि फाडफाड इंग्रजीची हमी. या महिन्यात मला सात जणींनी विचारलं, “तुझी धाकटी जाते ती शाळा कशी आहे गं? कुठली बालवाडी चांगली?” फोनवर प्रत्येकीला अर्धवट सांगून झालं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. शाळांची नावं लिहिणार नाही. बाई बदलल्या की तीच शाळा दोन वर्षांत वेगळी होते. बघायची कशी, तेवढंच सांगते.

थोरल्याच्या वेळी आम्ही चुकलो. रविवारी संध्याकाळी शाळा बघायला गेलो. एकही मूल नव्हतं. भिंतीवर कार्टून, आत घसरगुंडी, गार हवा, आणि एका मॅडमनी सगळं इतकं गोड समजावून सांगितलं की आम्ही तिथंच पैसे भरले. ऑक्टोबरपर्यंत त्याला शंभरपर्यंत आकडे लिहिता येऊ लागले. येईल-जाईल त्याला आम्ही वही दाखवायचो. त्याच महिन्यात तो रात्री अंथरूण ओलं करायला लागला. ते बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. डबा जसाच्या तसा परत यायचा. डॉक्टरांनी तपासलं, काही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत सगळं थांबलं आणि शाळा उघडली तसं पुन्हा सुरू झालं. मग एका रात्री तो मला म्हणाला, “शू बेल झाल्यावरच करायची असते. आधी विचारलं की मागं उभं करतात.”

साडेतीन वर्षांचं पोर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या वर्गात अडतीस मुलं आणि एकच बाई आहेत, हे मला डिसेंबरमध्ये त्याचं नाव काढायला गेले तेव्हा कळलं. जूनमध्ये विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण काय विचारायचं हेच माहीत नव्हतं.

माझी आई पलूसकडच्या एका गावात २९ वर्षं अंगणवाडी सेविका होती. थोरल्याच्या वेळी तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. धाकटीच्या वेळी मात्र एसटीनं थेट सांगलीला आली. म्हणाली, “शाळा बघाय मी येतो. पोरं असताना जायाचं. सकाळचं अकराला.” अकराच का, तर तोवर सकाळची प्रार्थना आणि टापटीप संपलेली असते, मुलं दमायला लागलेली असतात, कुणाला भूक लागलेली असते, कुणाला शू. मोठ्या माणसाचा खरा स्वभाव त्या वेळी दिसतो, असं तिचं म्हणणं.

पहिल्या ठिकाणी सांगितलं, वर्गात बसता येणार नाही, कॅमेरा तुमच्या मोबाइलवर दिसेल. आईनं विचारलं, “त्यात आवाज येतो का?” नाही म्हणाले. ती उठली. रोज उठून पालक वर्गात यायला लागले तर मुलं बावरतात, बाईंना काम सुचत नाही, हे मला पटतं. कुणीही उठून आत येऊ नये, हेही बरोबरच. पण आधी वेळ ठरवून एका आईला एक सकाळ कोपऱ्यात बसू द्यायला काय हरकत आहे? जिथं तेही चालत नाही तिथं मी माझं मूल ठेवणार नाही. याबाबतीत माझं मत आता बदलायचं नाही.

दुसऱ्या ठिकाणी बसू दिलं. आई खुर्चीवर बसली नाही, सतरंजीवर मुलांच्या मागं बसली. म्हणाली, इथनं त्यांना काय दिसतं ते बघ. मी बसले आणि बघितलं. सगळे तक्ते माझ्या उभ्या नजरेच्या उंचीवर होते. खालून नुसती रिकामी भिंत दिसत होती. एका बाजूला चोवीस छत्र्या लावलेल्या. चोवीसच्या चोवीस निळ्या, प्रत्येकीवर त्याच जागी कापसाचा ढग. आई हळूच म्हणाली, “ह्या बाईंनी केल्यात. पोरांचं नुसतं नाव हाय.” लाकडी ठोकळे होते, पण काचेच्या कपाटात, वरच्या खणात, प्लास्टिकच्या वेष्टनासकट.

मग तिनं मला वहीत दोन रकाने करायला लावले. एकात बाईंच्या सूचना, दुसऱ्यात मुलांशी गप्पा. अर्ध्या तासात पहिला रकाना पानभर झाला: बसा, हाताची घडी, तोंडावर बोट, माझ्यामागं म्हणा. दुसऱ्यात तीन रेघा. प्रश्न होते, पण ज्यांची उत्तरं बाईंना आधीच माहीत आहेत असे. हा रंग कुठला, हा आकार कुठला. तेवढ्यात मागच्या ओळीतला एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, आमची म्हस व्याली.” बाई म्हणाल्या, “इंग्लिशमध्ये सांग.” तो खाली बसला. आम्ही निघेपर्यंत परत काही बोलला नाही.

परतीच्या वाटेवर आई त्या म्हशीतून बाहेर येईना. तिच्या अंगणवाडीत हे घडलं असतं तर काय झालं असतं, हे ती गाडीत सांगत होती. रेडकू काळं का भुरं? उभं राहिलं का लगेच? म्हशीला पाय किती, रेडकाला किती, दोघांचे मिळून किती? चीक कुणी खाल्लाय, खरवस कसा करतात? रेडकू कसं चालतं, चालून दाखवा. सगळी पोरं चार पायांवर. भाषा, गणित, व्यायाम, निसर्ग, सगळं एका म्हशीत, आणि त्या मुलाला दिवसभर आपण कुणीतरी आहोत असं वाटलं असतं. तिच्याकडं नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की त्यांच्या कोप्यांवरची, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतली मुलं यायची. त्यांचे शब्द आमच्यापेक्षा वेगळे. आई आधी त्यांचा शब्द म्हणायची, मग आपला. इथं सांगली-मिरजेत कितीतरी घरांत कानडी बोलतात, उर्दू बोलतात. तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडातली भाषा पहिल्या दिवशीच चुकीची ठरवली तर ते बोलणार कशातून? इंग्रजी शिकवू नका असं मी म्हणत नाही. ज्या भाषेत मूल विचार करतं तिचं दार बंद करू नका, एवढंच मागणं आहे.

हे सगळं आईचं अनुभवाचं शहाणपण आहे असं मी धरून चालले होते. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की अभ्यासकही हेच मोजतात. अमेरिकेत थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० साली बालवर्ग तपासायची एक मोजपट्टी तयार केली, ती पुढं कितीतरी देशांत वापरली गेली. निरीक्षक वर्गात काही तास बसतो आणि एकेका बाबीला १ ते ७ गुण देतो. त्यात खोली आणि सामान आहेच, पण मूल आल्यावर त्याचं स्वागत कसं होतं, खाऊच्या वेळी काय घडतं, शौचाला नेताना कसं वागवतात, मुलांना बोलतं करतात का, हेही आहे. आपल्याकडं आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या हजारो मुलांचा चार ते आठ वर्षं या वयात मागोवा घेणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं, की बहुतेक मुलं कुठं ना कुठं जातात, तरी पाचव्या वर्षी पहिलीसाठी पुरेशी तयार नसतात. आणि खासगी बालवर्गांत खेळाऐवजी पहिलीचाच अभ्यास खाली ओढून आणलेला असतो.

मोजता येण्यासारख्या गोष्टी मात्र जरूर मोजा. केंद्र सरकारनं २०१३ मध्ये बालशिक्षणाचं राष्ट्रीय धोरण आणलं, त्यासोबतचे निकष सरळ आहेत. ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस, तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक. ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली, म्हणजे साधारण पावणेचारशे चौरस फूट, आणि बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा. दिवसाला तीन-चार तास. आपल्या सांगलीत आणखी एक विचारा: २०१९ ला आणि २०२१ ला इथं पुराचं पाणी कुठवर आलं होतं, आणि नदी चढायला लागली तर मुलांचं काय करता? आणि हेही विचारा, की बाई किती वर्षं इथं आहेत. दरवर्षी बाई बदलत असतील तर पगारात काहीतरी चुकतंय. मूल ज्या माणसाला घट्ट धरतं ते माणूस जूनमध्ये नाहीसं होणं ही लहान गोष्ट नाही.

लिहिण्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथं दोष शाळांपेक्षा आपला, पालकांचा जास्त आहे. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात हाडं अजून तयार झालेली नसतात, नुसती कूर्चा असते. ती एकेक करत पुढच्या कितीतरी वर्षांत तयार होतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तर निम्मीअधिक व्हायचीच असतात. त्या हाताला आपण चौरेघी वही आणि पेन्सिल देतो. त्या हाताला हवी असते कणीक, माती, ओवायला मणी, निवडायला शेंगा, पिळायला ओलं फडकं. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांनी डहाणूजवळच्या बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केलं, तिथं अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढं १९५७ मध्ये दोघी तिथून जवळच आदिवासी भागातल्या कोसबाडला गेल्या. बिया, शिंपले, खडे, पानं हेच त्यांचं साहित्य होतं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. या गोष्टीला महाराष्ट्रात इतकी वर्षं झाली, आणि तरी बालवाडीच्या पालकसभेत पहिला प्रश्न येतो तो “वही कधी सुरू करणार?” माझ्या ओळखीच्या एका बाई सांगतात, लिहायला दिलं नाही तर पालक जानेवारीत नाव काढतात, म्हणून द्यावं लागतं.

आता अंगणवाडीबद्दल. शहरातले आपण तिच्याकडं गरिबांच्या खिचडीची जागा म्हणून बघतो. याचा मला राग येतो. २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ ठिकाणी अंगणवाडीची सरकारी योजना सुरू झाली, तेव्हापासून लसीकरण, वजन, आहार आणि बालशिक्षण हे सगळं एका बाईच्या आणि एका मदतनीस मावशींच्या अंगावर आहे. आईच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पोषण ट्रॅकर आलं, म्हणजे मुलांची सगळी माहिती भरायचं सरकारी मोबाइल अ‍ॅप. रेंज नाही म्हणून ती मोबाइल घेऊन मारुतीच्या देवळामागं जाऊन उभी राहायची. तेवढा वेळ मुलं मावशींकडं. आमच्या वॉर्डातली अंगणवाडीही आम्ही बघितली. बाई फार छान, गोष्ट सांगताना मुलं हलत नव्हती. पण भाड्याची दहा बाय बाराची खोली, बाहेर थेट रस्ता. धाकटीला तिथं घातलं नाही, आणि ते मला आजही खटकतं. त्या बाईंना बरी खोली दिली असती तर फीवाल्या अनेक शाळा तिच्यापुढं टिकल्या नसत्या.

तिसरी जागा एका जुन्या बंगल्यात. दोन खोल्या, परसात आंब्याचं झाड, रंगाचे पोपडे निघालेले. अठरा मुलं, एक बाई, एक मावशी. एक नवीन मुलगी रडत होती. “शहाणी मुलं रडत नाहीत” असं कुणी म्हणालं नाही. बाईंनी तिचं बोट धरलं, झारी दिली, दोघी झाडांना पाणी घालत फिरल्या. मधूनच हुंदका यायचा, बाई “हो गं” म्हणायच्या आणि पुढच्या झाडाकडं न्यायच्या. डब्याला सगळे गोल बसले, बाईसुद्धा आपला डबा घेऊन. कुणाची भाकरी-गूळ, कुणाचा उपमा, पंचवीस मिनिटं निवांत. कुणाच्या तोंडात घास कोंबला नाही. मध्येच एक मुलगा उठला, कुणालाही न विचारता शू करून आला, त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवलेल्या साबणानं हात धुतले आणि परत आपल्या जागी बसला. मला थोरला आठवला. मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

उणिवाही होत्या. वाळूच्या हौदात काटक्या साठलेल्या, चित्रांची पुस्तकं मोजकी आणि फाटकी, फाटकाची कडी सैल. आईनं बाईंना तोंडावर सांगितलं. त्यांनी वही काढून लिहून घेतलं आणि कडी उद्याच बसवते म्हणाल्या.

साडेबाराला मुलं निघाली. रिक्षा भरल्या, आया आल्या. एकच मुलगा उरला, त्याच्या आजोबांना उशीर झाला होता. आई मला म्हणाली, आता थांब, हे बघू. मावशी झाडू ठेवून त्याच्याशेजारी बसल्या, चिंचोक्यांचं ताट मध्ये ठेवलं. मोठे एका वाटीत, बारके दुसऱ्या. थोड्या वेळानं तो एक चिंचोका हातात घेऊन अडला. “ह्यो मधलाच हाय. कुठं टाकू?” मावशींनी तो हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाल्या, “खरंच की. मग मधल्याला अजून एक वाटी आण.”

तो वाटी आणायला आत पळाला. आई उठली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, “जा, फी इचार.”