दानाच्या पिशवीतली गोळ्यांची स्ट्रिप

जय ख्रिस्त. आज जरा लांब लिहिणार आहे आणि रागात लिहितोय, त्यामुळे कोणाला लागलं तर लागू दे, रविवारी भेटून भांडा.

दुपारी दवाखान्यात गेलो होतो. आपल्या चर्चच्या मंडळीतला एक भाऊ, अजून पंचेचाळिशीही नाही, दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दरवेळी चार चार तास मशीनवर. मी पोचलो तेव्हा प्रार्थनेला आलेली पाचसहा माणसं नुकतीच निघून गेली होती. आपली नव्हती. म्हणजे दोघं आपलीच होती, ते जाऊ दे. तो डोळे मिटून पडलेला. त्याची बायको मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही तरी खरं सांगा, आमच्या घरात कोणतं पाप राहिलंय?" मला आधी कळेचना ही काय बोलतेय. मग हळूहळू समजलं की ती माणसं जाताना सांगून गेली, इतकी उपास-प्रार्थना करूनही गुण येत नाही म्हणजे घरात काहीतरी कबूल न केलेलं पाप आहे, नाहीतर विश्वास कमी पडतोय.

या बाईने शेळ्या विकल्यात. पोरीची अकरावी चालू आहे, तिला मावशीकडे ठेवलंय. आणि आता रात्री स्टुलावर बसून ती पाप शोधणार, सासूशी कधी भांडले, कोणाचं मन कधी दुखवलं. डोकं फिरलं माझं.

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा जरा. जन्माचा आंधळा रस्त्यात दिसला तर शिष्यांना त्याची विचारपूस करायचं सुचलं नाही, सुचलं काय, तर पाप कोणाचं, याचं की आईबापाचं. प्रभूने सरळ सांगितलं, याचंही नाही नि आईबापाचंही नाही. तरी आपण अजून तेच विचारतोय, तेही वॉर्डात उभं राहून, पेशंटला ऐकू जाईल अशा आवाजात!

तिथे पॅसेजमध्ये उभा असताना मला ती स्ट्रिप आठवली. बरीच वर्षं झाली, दुसऱ्या गावच्या मंडळीतली गोष्ट, गावाचं नाव घेत नाही. उपासना झाल्यावर खजिनदार, चर्च कमिटीतले एक पंच आणि मी दान मोजायला बसलो. पिशवी उलटी केली. नोटा, चिल्लर, शर्टाचं एक बटण (बटण प्रत्येक चर्चमध्ये कोणीतरी टाकतंच) आणि दहाच्या नोटेत गुंडाळलेली गोळ्यांची स्ट्रिप, कात्रीने अर्धी कापलेली. चार गोळ्या शिल्लक. शुगरच्या. पंच म्हणाले, "आता देवालाही डायबेटिस झाला वाटतं." सगळे हसलो. मी पण हसलो, हे लिहून ठेवतो.

तीन आठवड्यांनी कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे एका घरातल्या प्रार्थनासभेत, एक मावशी गाता गाता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. शुगर पाचशेच्या वर. त्यांनी त्या वर्षीच्या आरोग्य सभेत हजार माणसांपुढे साक्ष दिली होती, प्रभूने मला डायबेटिसमधून पूर्ण सोडवलं म्हणून, टाळ्या, हालेलूया, सगळं. त्यानंतर त्या बाईला आजारी पडायची सोयच राहिली नाही. गोळ्या चोरून घ्यायच्या. रुमालाच्या एका गाठीत दान आणि गोळ्या, घाईत दोन्ही पिशवीत गेलं. परत आणायच्या तर गावात मेडिकल एकच आणि मेडिकलवाला आपल्याच मंडळीतला. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाल्या, "साक्ष दिली ना मी सगळ्यांसमोर, आता परत आजारी कशी पडू?"

आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणजे पाळकसाहेब तुमचा चमत्कारावर विश्वास नाही का. आहे. प्रार्थनेने बरी झालेली माणसं मी पाहिलीत, याकोबाने आजाऱ्याला तेल लावायला सांगितलंय म्हणून तेलाची बाटली माझ्या बॅगेत कायम असते. मान्य. पण पौलाने तीनदा मागूनही शरीरातला काटा निघाला नाही, तो स्वतः आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेतात आजारी सोडून पुढे गेला, तीमथ्याच्या पोटासाठी त्याने थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं, आणि बरोबर लूक होता तो कोण, वैद्यच ना? आणि आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा पटकीने गेला, कान निकामी होत गेले, आणि 1921 साली मनोरमा, एकुलती एक लेक, आईच्या आधी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये बाई स्वतः. रमाबाईंचा विश्वास कमी पडला म्हणायची कोणाची छाती आहे? असेल तर या समोर.

आणि ज्या मिशनऱ्यांचं नाव घेऊन आपण शताब्द्या साजऱ्या करतो त्यांनी नुसत्या सभा घेतल्या का? वॉनलेस साहेबाने 1894 साली मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. ऑपरेशनही केलं, प्रार्थनाही केली, त्यांना दोन्हींत भांडण दिसलं नाही. आपल्यालाच दिसतं.

असो. चहा घेऊन आलो, जरा थंड झालोय.

खरं सांगायचं तर राग त्या लोकांचा निम्माच आहे. मावशींच्या हातात त्या सभेत माईक मी दिला होता. आधी डॉक्टरांकडे जाऊन या, रिपोर्ट बघू, मग साक्ष देऊ, एवढं मला म्हणता आलं नाही, कारण मांडव भरला होता नि मलाही बरं वाटत होतं. ती कापलेली स्ट्रिप हातात घेतली तेव्हाही, कोणाची असेल बिचाऱ्याची, हे मनात आलं नाही, विनोदच आवडला. त्या मावशी पुढे चार वर्षं जगल्या. माझ्यावर कधी रागावल्या नाहीत, उलट दर नाताळला करंज्या पाठवायच्या.

त्यामुळे माझी मंडळीकडून आशा काय, तर मोठं काही नाही. योहानाने आपल्या प्रिय गायसला पत्र लिहिताना जिवाचं क्षेमकुशल आणि शरीराचं आरोग्य एकाच दमात मागितलंय, मला तेवढंच हवंय. माझ्या चर्चमध्ये माणसाला उभं राहून सांगता यावं की मी बरा नाही, मागच्या वर्षी बरा होतो, आता परत बरा नाही, आणि कोणी भुवया वर करू नयेत. आपल्याकडे सिस्टर, म्हणजे नर्स, किती आहेत मोजा, रिटायर्ड धरून. उपासनेनंतर चहाच्या टेबलाशेजारी बीपीचं मशीन आणि शुगर तपासायचं मशीन ठेवायला काय जातं? पंच कमिटीत हे मांडलं तर एकजण म्हणाले, चर्चचा दवाखाना करता काय. करतो.

आणि या ताईंना पाप विचारायला माणसं होती, पण महात्मा फुले योजनेचे कागद करायला एकही नव्हतं. डायलिसिस त्या योजनेत बसतं. पण नवऱ्याच्या रेशनकार्डावर बापाचं नाव शमुवेल आणि आधारवर सॅम्युअल, त्यापायी ती दोन आठवडे एकटी चकरा मारतेय. आपल्यातल्या निम्म्या घरांत हा घोळ आहे, सगळ्यांना माहितीये कुठे जायचं, कोण लिहून देतं. कोणी गेलं का बरोबर?

तिला मी काय उत्तर दिलं विचाराल तर, पाप वगैरे काही नाही एवढं म्हटलं. ती म्हणाली, "मग का?" मला नाही सांगता आलं. वीस वर्षं पाळकपण करतोय. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते, म्हणून मीही आत जाऊन त्याच्याजवळ गप्प बसलो. त्याला पाणी मोजून आहे, तोंड कोरडं पडतं. सिस्टरने बर्फाचा एक खडा दिला तो तो गालात धरून किती वेळ चघळत होता, लहान पोरासारखा.

सोमवारी सकाळी सातला त्याचा नंबर आहे. चारचाकी कोणाकडे असेल तर मला फोन करा, साडेसहाला घरून घ्यायचंय. कागदांसाठी माझ्याबरोबर एकजण पाहिजे, तहसीलमध्ये ओळख असलेला. डबा द्यायचा तर सिस्टरला विचारून, मीठ अगदी कमी. आणि कृपा करून प्रेमाने शहाळं घेऊन जाऊ नका, त्यातलं पोटॅशियम त्याला चालत नाही. आज त्याच्या खाटेखाली चार पडलेली होती.